मॉड्यूलचे जॅक संपले, पॅड अजून चार हवेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. इलेक्ट्रॉनिक ड्रम किटमध्ये स्नेअर, किक, तीन टॉम आणि हाय-हॅट, एक क्रॅश, राइड या झांजा आहेत. स्नेअर दोन झोनचा, म्हणजे मधला भाग आणि रिम (कड) वेगळे वाजणारा, रिमला स्वतंत्र पिएझो (ठोका ओळखणारी चकती) असलेला. टॉम तिन्ही एकाच झोनचे. मॉड्यूलवर, म्हणजे पॅडच्या ठोक्यांवरून आवाज काढणाऱ्या डब्यावर, दुसऱ्या क्रॅशचा एकच जॅक रिकामा. जोडायचं आहे ते असं: दुसरा क्रॅश, चायना (हीही झांजच), काउबेल आणि चौथा टॉम. म्हणजे जॅक एक आणि पॅड चार. वाजवणं बहुतेक घरी हेडफोनवर, अधूनमधून कार्यक्रमात. लॅपटॉप आहे. तर मॉड्यूलच बदलावं, की आहे त्याला काही जोडता येईल?

मॉड्यूल बदलू नका. मी बरीच वर्षं ट्रिगर पॅड बनवतो, दुरुस्त करतो आणि स्वतः वाजवतो. ‘इनपुट संपले’ म्हणून माझ्याकडे आलेल्या किटमध्ये बहुतेक वेळा इनपुट शिल्लक असतात, फक्त नीट वाटलेले नसतात. नवा पॅड आला की तो नव्या जॅकलाच लागला पाहिजे असं आपण धरून चालतो. खरं तर नवा पॅड आला की सगळ्या पॅडांची वाटणी पुन्हा करायची असते. चांगल्या इनपुटला कोण बसणार आणि दुय्यम इनपुटवर कोणाचं भागेल, हे ठरलं की अर्धं काम झालं.

मॉड्यूलच्या मागच्या पाव इंची जॅककडे ‘एक पॅड’ म्हणून बघायची सवय आधी मोडा. पॅडच्या पोटात पिएझोची चकती असते. ठोका बसला की ती किंचित वाकते आणि व्होल्टेजचा झटका देते. झटका केवढा आहे यावरून आवाज किती जोरात काढायचा ते मॉड्यूल ठरवतं. मोनो केबलमधून असा एकच झटका येतो. टीआरएस, म्हणजे स्टिरिओ केबलमधून दोन येतात: एक टिपवरून (प्लगचं टोक), एक रिंगवरून (मधली कडी), आणि स्लीव्ह (मागचा लांब भाग) ही दोघांची सामाईक ग्राउंड. तुमच्या स्नेअरमध्ये टिपवर मेशखालचा (जाळीच्या पृष्ठाखालचा) पिएझो आहे आणि रिंगवर रिमचा. टॉम मात्र एकाच झोनचे, म्हणजे टॉमच्या तिन्ही जॅकांची रिंग आज मोकळी आहे. तुमचे जादा इनपुट तिथे आहेत.

ते बाहेर काढायला एका बाजूला टीआरएस प्लग आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो टोकं असलेली वाय केबल लागते. मिक्सरसाठी जी इन्सर्ट केबल मिळते तिची जोडणी नेमकी हीच असते, तीही चालते. दोन हेडफोन एकत्र लावायचा स्प्लिटर मात्र घेऊ नका. दिसायला तो तसाच असतो, पण त्यात दोन्ही सॉकेटना टिप आणि रिंग दोन्ही जोडलेल्या असतात. त्यातून टिप आणि रिंग वेगळ्या निघत नाहीत, आणि दोन्ही पॅड एकमेकांत मिसळून जातात.

आता अट. रिंगवर पिएझोचा झटका वाचणारा जॅक आणि रिंगवर फक्त स्विच ओळखणारा जॅक, असे दोन प्रकार असतात. झांजांच्या पॅडमध्ये कडेला दाबल्यावर मिटणारी पट्टी असते, ती स्विच. अशा ठिकाणी ठोका किती जोरात बसला हे मॉड्यूल टिपवरच्या पिएझोवरूनच ठरवतं. स्विच फक्त ‘ठोका कडेला बसला’ एवढं सांगतो. त्या रिंगवर तुम्ही पिएझो लावलात तर काहीच वाजणार नाही. बऱ्याच साध्या मॉड्यूलमध्ये रिंगवर पिएझो वाचण्याची सोय एकट्या स्नेअरला असते. काही मॉड्यूलमध्ये ती टॉमनाही असते, फक्त सेटिंगमधला पॅडचा प्रकार बदलावा लागतो.

तुमचं मॉड्यूल कोणत्या गटातलं, हे फुकटात तपासता येतं. स्नेअरचा पॅड टीआरएस केबलने टॉम १ च्या जॅकला लावा. टॉम १ चा पॅड प्रकार स्नेअरला जो आहे तो ठेवा. रिमच्या जागी कुठलाही वेगळा, लगेच ओळखू येईल असा आवाज नेमा आणि रिमवर आधी हळू, मग जोरात मारा. रिमचा आवाज हळू-जोरात नीट येत असेल तर त्या जॅकची रिंग पिएझो वाचते. हेच टॉम २ आणि टॉम ३ ला करून बघा. तिन्ही जॅक सारखे असतीलच असं नाही, म्हणून एकावरून बाकीच्यांचा अंदाज बांधू नका.

तुमच्या मॉड्यूलला सुटे जॅक नसून सगळ्या पॅडांचा एकच २५ पिनांचा जाड लूम (एकत्र बांधलेल्या तारांचा जुडगा) येत असेल, तर लूमची टॉमकडची टोकंही तपासा. प्लगवर एक काळी पट्टी असेल तर तो मोनो, दोन असतील तर टीआरएस. काही लूममध्ये टॉमच्या तारा मोनोच ओढलेल्या असतात. तिथे मॉड्यूल कितीही चांगलं असलं तरी रिंग पॅडपर्यंत पोचतच नाही.

या युक्तीची एक किंमत आहे, आणि ती कळल्याशिवाय कोणी केबल विकत घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. मॉड्यूलला माहीत नसतं की टिप आणि रिंगवर दोन निराळे पॅड आहेत. त्याच्या लेखी तो एकच पॅड, एक डोकं आणि एक रिम. जोरात रिम मारली की डोक्याचा पिएझोही हलतोच, म्हणून दोन्हीकडून एकदम झटका आला तर मॉड्यूल तुलना करतं आणि सहसा मोठ्यालाच खरं मानतं. म्हणजे एकाच जॅकवरचे दोन पॅड एकाच क्षणी वाजवलेत तर त्यातला एक गिळला जाईल. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी दोन फ्लोअर टॉम (खाली बसणारे मोठे टॉम) एका जॅकवर बसवले होते, कारण स्टँडवर ते शेजारी होते आणि केबल पुरत होती. घरी सरावात काही जाणवलं नाही. कार्यक्रमात गाण्याच्या शेवटी दोन्ही हात दोन्ही टॉमवर एकदम आले, आणि तिथे भरघोस आवाजाऐवजी एकच टॉम, तोही एकदा हा आणि एकदा तो. तेव्हापासून वाटणी करताना मी पॅड कुठे टांगलेत हे बघत नाही, कोणते दोन पॅड एकदम वाजतात ते बघतो. हे समजायला सोपा मार्ग म्हणजे स्वतःचं वाजवणं एकदा फोनवर चित्रित करून हातांकडे बघणं.

एकामागोमाग एक ठोक्यांची काळजी त्या मानाने कमी. ठोका वाचल्यावर इनपुट थोडा वेळ बंद राहतं, त्याला मास्क टाइम म्हणतात, आणि तो साधारणपणे काही मिलिसेकंदांचा असतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पावपेक्षाही बारीक, म्हणजे एका मात्रेत आठ ठोके मारलेत तरी दोन ठोक्यांत ६२ मिलिसेकंद मिळतात. टॉमवरून टॉमवर धावणारा रोल सहज निघतो. अडचण फ्लॅमची (दोन हातांचे जवळजवळ एकदम पडणारे ठोके) आणि एकदम मारलेल्या ठोक्यांची.

हे धरून तुमची वाटणी मी अशी करेन. दुसरा क्रॅश रिकाम्या जॅकवर, एकटा. क्रॅशला कडेचा वेगळा आवाज हवा, हाताने धरल्यावर थांबायलाही हवा, आणि ही दोन्ही कामं रिंगवरचा स्विच करतो. वाटून घेतलेल्या जॅकवर झांज लावली की चोक, म्हणजे हे हाताने थांबवणं, गेलं. चायना टॉम १ च्या रिंगवर: चायना बहुधा किक किंवा स्नेअरसोबत येते, पहिल्या टॉमसोबत क्वचित, आणि तिला चोक करण्याची वेळही कमी येते. चौथा टॉम टॉम २ च्या रिंगवर, कारण तो फ्लोअर टॉम म्हणून बसेल, आणि त्याची जोडी सहसा टॉम ३ बरोबर किंवा स्नेअरबरोबर वाजते, टॉम २ बरोबर नाही. काउबेल टॉम ३ च्या रिंगवर. तुमचे हात वेगळे चालत असतील तर जोड्या बदला, नियम तोच ठेवा.

जोड्या ठरवताना पॅडचा स्वभावही बघा. बऱ्याच मॉड्यूलमध्ये थ्रेशोल्ड, म्हणजे कुठल्या झटक्याखाली लक्षच द्यायचं नाही ती मर्यादा, टिप आणि रिंग दोघांना मिळून एकच असते. रिमची संवेदनशीलता तेवढी वेगळी मिळते. मेशचा पॅड मेशच्या जोडीला लावला तर एक थ्रेशोल्ड दोघांना मानवतो. छोटा कडक रबरी पॅड मऊ मेशला जोडलात तर एक हळू मारल्यावर वाजत नाही आणि दुसरा जरा धक्का लागला की बोलतो. तसं झालं तर आधी मऊ पॅडला सोयीचा थ्रेशोल्ड ठेवा आणि मग रिमची संवेदनशीलता खाली आणा.

टॉमच्या रिंगवर पिएझो चालत नाही असं चाचणीत निघालं, तर दुसरं छोटं यंत्र लागेल. इथे दोन वाटा आहेत आणि त्या नीट वेगळ्या ठेवा: एकात दुसरं यंत्र स्वतःच आवाज काढतं, दुसऱ्यात ते फक्त मिडी (कोणती नोट किती जोरात वाजली एवढंच सांगणारे संदेश) पाठवतं आणि आवाज तिसरीकडे निघतो.

कार्यक्रमांसाठी मी डोळे मिटून पहिली वाट सुचवतो. रोलँड टीएम-२ सारख्या छोट्या मॉड्यूलला दोन ट्रिगर जॅक असतात आणि प्रत्येक जॅक दोन पिएझो वाचतो, म्हणजे चार एकझोनी पॅड. (वर सांगितलेला एकदम-ठोक्यांचा नियम तिथेही लागू.) त्यात कार्डावरून स्वतःचे वेव्ह नमुने टाकता येतात. एसपीडी-एसएक्ससारख्या मल्टिपॅडवर नऊ रबरी पॅड आणि शिवाय बाहेरच्या ट्रिगरची सोय असते. काउबेल आणि चायना त्याच्यावर काठीनेच वाजवलेत तर वेगळे पॅड घेण्याचीही गरज उरत नाही. अशा यंत्राचा ऑडिओ मुख्य मॉड्यूलच्या मिक्स इन किंवा ऑक्स इनला (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या जॅकला) द्या. हेडफोनवर सगळं एकत्र ऐकू येतं. फक्त तो जॅक मुख्य आउटपुटलाही जातो की नुसता हेडफोनला, हे आधी तपासा, कारण काही मॉड्यूलमध्ये ते सेटिंगवर असतं आणि ते चुकलं तर तुमचं काउबेल फक्त तुम्हालाच ऐकू येईल. गुणगुण आली तर दोन्ही अ‍ॅडॉप्टर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या.

दुसऱ्या वाटेत नव्या यंत्राचा मिडी आउट मुख्य मॉड्यूलच्या मिडी इनला जातो आणि आवाज मुख्य मॉड्यूलचेच वाजतात. ऐकायला हे जास्त नीटनेटकं वाटतं. पण पुष्कळ मॉड्यूलना गोल पाच पिनांचा मिडी जॅक उरलेलाच नाही, फक्त यूएसबी आहे. आणि यूएसबीमध्ये एक होस्ट लागतो, एक उपकरण. मॉड्यूल उपकरण, ट्रिगर इंटरफेस (पॅडचा झटका मिडीत बदलणारा डबा) हेही उपकरण. दोन उपकरणं एकमेकांना केबलने जोडून काही होत नाही, मध्ये संगणक किंवा यूएसबी मिडी होस्टचा डबा हवाच. यंत्र घरी आणल्यावर हे कळलेले बरेच जण मी बघितले आहेत, म्हणून खरेदीआधी मॉड्यूलची मागची बाजू बघा.

पाच पिनांचा जॅक असेल तर वेगाची चिंता करू नका. मिडी सेकंदाला ३१,२५० बिट नेतं, एका नोटचा संदेश तीन बाइटचा असतो आणि तो एक मिलिसेकंदाच्या आत पोचतो. नोट क्रमांकांची चिंता मात्र करा. जनरल मिडी या प्रमाण यादीत ३६ किक, ३८ स्नेअर, ४९ पहिला क्रॅश, ५७ दुसरा, ५२ चायना, ५६ काउबेल, आणि ड्रमसाठी चॅनेल १०. काही मॉड्यूल बाहेरून आलेली नोट तेव्हाच वाजवतात जेव्हा ती चालू किटमधल्या एखाद्या पॅडला नेमलेली असते. त्यामुळे मॉड्यूलमध्ये चायनाचा आवाज आहे एवढ्यावर ५२ पाठवली की तो वाजेलच, असं नाही. मॅन्युअलमधला बाहेरून येणाऱ्या मिडीचा तक्ता बघूनच ही वाट धरा. हाय-हॅट काही झालं तरी मुख्य मॉड्यूलवरच ठेवा. पेडल किती दाबलंय हे सतत वाचणारा जॅक वेगळ्या प्रकारचा असतो. साध्या ट्रिगर इनपुटला ते जमत नाही.

दुसरं यंत्र आलं की एक अडचण येते, ती फारसं कोणी सांगत नाही. सगळे पॅड एकाच रॅकवर असतात, म्हणून किक मारली की दांड्यामधून धक्का सगळ्यांना पोचतो. त्या धक्क्याने दुसराच पॅड वाजू नये म्हणून मॉड्यूल सगळ्या इनपुटकडे एकदम बघतं, आणि एक मोठा आणि त्याच क्षणी दुसरीकडे एक बारीक झटका दिसला तर बारीक सोडून देतं. याला क्रॉसटॉक कॅन्सल म्हणतात. पण हे एका मॉड्यूलच्या आतलं काम आहे. दुसऱ्या यंत्राला पहिल्यावरच्या किकची खबरच नसते. त्याला फक्त स्वतःच्या पॅडवर एक बारीक झटका दिसतो आणि ते इमानदारीने चायना वाजवतं. मग माणूस थ्रेशोल्ड वाढवत जातो आणि शेवटी पॅड हळू ठोक्यांना मुका होतो. यावर सेटिंगमध्ये उपाय शोधू नका. दुसऱ्या यंत्रावरचे पॅड वेगळ्या स्टँडवर घ्या, किंवा क्लॅम्पखाली जाड रबर द्या. एकाच जॅकवर वाटून घेतलेले पॅड मुख्य मॉड्यूलच्या नजरेत राहतात, म्हणून ते रॅकवर खुशाल ठेवा. मी वाटणीला पहिली पसंती देतो त्याचं हे मोठं कारण आहे.

लॅपटॉपचं म्हणाल, तर ट्रिगर-टू-मिडी इंटरफेस घेऊन सॉफ्टवेअरचे आवाज वाजवता येतात आणि घरच्या सरावासाठी ते सुरेख आहे. ऑडिओफ्रंटचे ईड्रमिन या कामासाठीच बनवलेले आहेत. पण निम्मे आवाज मॉड्यूलचे आणि निम्मे लॅपटॉपचे अशी खिचडी करू नका. लॅपटॉपचा बफर (आवाजाचा एकदम तयार होणारा तुकडा) २५६ नमुन्यांचा असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला तो एकटाच ५.८ मिलिसेकंद घेतो, त्यात ऑडिओ इंटरफेस आणि ड्रायव्हर आपली भर घालतात. दहा मिलिसेकंद उशीर म्हणजे स्पीकर साडेतीन मीटर लांब असल्यासारखं. सगळाच किट तेवढा लांब असेल तर हात जुळवून घेतो. पण स्नेअर जवळ आणि क्रॅश लांब असेल तर दोघं एकदम मारल्यावर फ्लॅमसारखं ऐकू येतं आणि ते कानाला सतत टोचत राहतं. लॅपटॉप वापरायचा तर मॉड्यूलचा मिडीही यूएसबीने लॅपटॉपलाच द्या आणि सगळे आवाज तिथूनच काढा. विंडोजवर एएसआयओ (कमी उशिराचा ऑडिओ) ड्रायव्हर हवा आणि बफर १२८ किंवा ६४ वर आणता आला तर उत्तम. सॉफ्टवेअर एकाच वेळी दोन मिडी उपकरणं घेतं ना, हेही बघा.

हाताने बनवायची आवड असेल तर आर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर) ट्रिगर इंटरफेस बनतो आणि चांगला चालतो. हॅलोड्रम नावाची खुली लायब्ररी आहे, तिच्यात स्कॅन टाइम (झटक्याची उंची मोजण्याचा वेळ), मास्क टाइम, थ्रेशोल्ड हे सगळं तयार मिळतं. त्यातल्या युनो बोर्डला सहा अ‍ॅनालॉग पिना आहेत. ४०५१ मल्टिप्लेक्सर लावला की एका पिनवर आठ पिएझो. लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घेतलात तर संगणकाला ते थेट यूएसबी मिडी उपकरण म्हणून दिसतात, युनो जसा येतो तसा तो दिसत नाही. पिएझो थेट पिनला जोडू नका. जोरदार ठोक्याला ती चकती पाच व्होल्टच्या कितीतरी वर जाते. चकतीला समांतर एक मेगाओमचा रेझिस्टर, पिनकडे जाताना मालिकेत एक रेझिस्टर आणि ५.१ व्होल्टचा झेनर डायोड (व्होल्टेज त्यापुढे न जाऊ देणारा), एवढं किमान पाहिजे; ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डला झेनर त्या मानाने खालचा. हे बनवताना शिकायला खूप मिळतं, पण कार्यक्रम महिन्यावर आला असेल तर यात पडू नका.

काउबेलसाठी पॅड विकत घेण्याचं तर कारणच नाही. २७ किंवा ३५ मिलिमीटरची पिएझो चकती, एक मोनो सॉकेट, जाड रबराचा तुकडा आणि खाली घट्ट पाटी. पांढऱ्या मधल्या भागाला टिप, पितळी कडेला स्लीव्ह. मधल्या भागावर सोल्डरिंग आयर्न एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, चांदीचा थर उडतो आणि चकती कायमची जाते. चकती पाटीला कडक गोंदाने न चिकटवता दुहेरी फोम टेपवर बसवा. ठोक्याचा दणका फोम पचवतो आणि चकती जास्त टिकते. तारांवर ओढ येऊ नये म्हणून त्या सॉकेटपर्यंत जाताना एक वळसा देऊन पाटीला बांधा. घरगुती पॅड नादुरुस्त होऊन आला तर मी आधी तारांचा सोल्डर केलेला जोड उघडून बघतो, कारण दोष बहुतेक तिथेच असतो.

जोडणीला सुरुवात करताना एका वेळी एकच नवा पॅड लावा, तोही चौथ्या टॉमपासून. त्याच्यासह टॉम २ वर सगळं नीट वाजलं, किकच्या जोरदार ठोक्याला तो गप्प राहिला आणि स्नेअरवरचे अगदी हलके ठोके पूर्वीइतकेच ऐकू आले, की मग चायना, आणि काउबेल सगळ्यात शेवटी. चारही एकदम लावलेत आणि खोटे ठोके यायला लागले तर ते कोणाचे आहेत हे शोधण्यात आख्खी संध्याकाळ जाते.